कोरड्या वाऱ्यातलं वजन

ओलिव्हो कोझोलोनं कप उचलला आणि त्याला काहीच कळलं नाही.

मंगळवारची सकाळ होती. गोदीच्या फाटकासमोरचं कॉफीचं दुकान, त्रेचाळीस सालचा फेब्रुवारी. कपात जवाची कॉफी होती. खरी कॉफी गावानं दोन वर्षांत पाहिली नव्हती. कप भरलेला आहे हे डोळ्यांना दिसत होतं. चटका बोटांना लागत होता. फक्त वजन नव्हतं. कप हलका वाटला असं नाही. हलका हेसुद्धा एक वजनच असतं. इथे काही नव्हतंच. त्यानं कप खाली ठेवला, दुसऱ्या हातानं उचलला. तिथेही तेच. मग रिकामी बशी उचलली, मग कप आणि बशी मिळून, आणि गल्ल्यामागची बाई म्हणाली, सिन्योर ओलिव्हो, फुटली तर दुसरी नाही हं माझ्याकडे. तो हसला. हसू चेहऱ्यावर आलेलं त्याला कळलं. म्हणजे चेहरा शाबूत होता. पैसे ठेवून तो बाहेर पडला आणि फाटकापर्यंतच्या साठ पावलांत त्यानं खिशातल्या किल्ल्या, चष्म्याचं घर, रस्त्यावरचा एक दगड असं सगळं हातात धरून पाहिलं. मागून बोरा ढकलत होता, पठारावरून उतरणारा तो कोरडा, थंड, दात विचकणारा वारा, सलग पाचवा दिवस. दगड हातात होता. दगड आहे एवढंच हात सांगत होता.

ही गोष्ट दुसऱ्या कुणाच्या बाबतीत घडली असती तर तिला गोष्टही म्हणता आलं नसतं. हात बधिर झाला, थंडी आहे, चोळ जरा. पण ओलिव्होचा हात हीच त्याची नोकरी होती. त्याची आई डोक्यावर टोपली घेऊन दारोदार मासळी विकायची, तिच्याकडे तराजू कधीच नव्हता. तळहातावर मासे घ्यायची, आकडा सांगायची, आणि घरातल्या बायका आपापल्या काट्यावर घालून पाहायच्या. एका चिमुकल्या माशाचा फरक पडला तर तो मासा ती वर टाकायची आणि दिवसभर फुरंगटून बसायची. तोच हात त्याला मिळाला. पंधरा वर्षं तो गोदीच्या विमान विभागात वजनांच्या कचेरीत होता. विमानात जाणारी प्रत्येक वस्तू, बरगडी, खिळा, सरसाचा डबा, नळीचा तुकडा, आत जाण्याआधी त्याच्याकडे यायची. तो ती हातात घ्यायचा, आकडा बोलायचा, मग काट्यावर ठेवायचा. शंभरात दोनाहून जास्त चूक क्वचित. हाताखालची माणसं सिगारेटींची पैज लावत. एकदा मुख्य इंजिनिअर साल्व्हादेई एका पाहुण्या कर्नलला घेऊन आले होते, आणि कर्नलनं मागच्या पायांवर चालणारं कुत्रं पाहावं तसं त्याच्याकडे पाहिलं होतं. ओलिव्होला राग आला नव्हता. त्याला कर्नलच्या हातमोज्यांचं वजन तेवढं आठवत होतं. एकशे दहा ग्रॅम, जोडी.

*डाव्या पंखाची अकरावी बरगडी. हात: ३.४००. काटा: ३.३८५. वारा: बोरा, दुसरा दिवस.*

हे त्याच्या खिशातल्या वहीतलं. सरकारी तक्त्यात तीनच रकाने होते: वस्तू, अपेक्षित वजन, प्रत्यक्ष वजन. चौथा रकाना त्याचा स्वतःचा. तो का लागतो हे या गावात कुणाला सांगावं लागलं नसतं. इथे सरपणाचं लाकूड वजनावर मिळतं. घेणारा बोरा सुटायची वाट पाहतो, तीन दिवसांत लाकूड वाळून खडखडीत होतं आणि त्याच वजनात दोन ढलप्या जास्त येतात. विकणारा समुद्राकडून शिरोक्को येईपर्यंत थांबतो, त्या ओल्या उबट वाऱ्यात लाकूड पाणी पितं आणि फुगतं. दोघं एकमेकांना चोर म्हणतात आणि दोघंही आपापल्या वाऱ्याला उठून गाडी जुंपतात. लग्न ठरवतानासुद्धा म्हातारे म्हणतात, मुलगी शिरोक्कोत बघ, खरी तेव्हा कळेल.

आणि हे विमान लाकडाचं होतं. चार इंजिनं, पाण्यावर उतरायला खाली दोन प्रचंड होडकी, शेजारून मालगाडीचा डबा गेला तर लहान वाटावा असं धड. हँगरमध्ये तिला सगळे थोरली म्हणत. जहाजं बांधणाऱ्या हातांनी ती बांधली होती आणि जहाजं बांधणारी माणसं काहीही स्त्रीलिंगीच बांधतात.

काल, सोमवारी, थोरलीचं पुरं वजन झालं. तीन मोठे काटे, दोन होडक्यांच्या गाड्यांखाली, एक शेपटीखाली. साल्व्हादेईंनी चार दिवस आधीपासून हँगरची दोन्हीकडची दारं उघडी ठेवायला लावली होती. म्हणाले, जरा हवा खाऊ दे तिला. सगळे हसले होते, ओलिव्होही हसला होता, कारण विनोद बरा होता. बोरा या दारातून आत शिरायचा आणि त्या दारातून बाहेर पडायचा, जाताना लाकडाच्या प्रत्येक रेषेतून थोडं थोडं पाणी घेऊन. हँगरमध्ये बारीक चटचट आवाज येत होते, कुणी लांबवर शेंगा सोलतंय तसे. काटे स्थिर झाले. एकोणीस हजार आठशे चाळीस. तो आकडा ओलिव्होनं स्वतः मोठ्यानं वाचला, पेन्सिलीनं तक्त्यात लिहिला. हवा असलेला आकडा, बरोबर तोच. कुणीतरी पाठीवर थाप मारली. शाईची सही शनिवारी दुपारी बारापर्यंत करायची होती. आणि त्याच वेळी, थाप पाठीवर असतानाच, त्याच्या डोक्यात सहा वर्षांचे चौथे रकाने आपोआप एकाखाली एक लागले, आणि खाली उत्तर आलं: तीनशे अठरा. खाजणातल्या दमट हवेत, जिथून ती उडणार होती, थोरली तीनशे अठरा किलोंनी जड होती. तीनशे अठरा किलो म्हणजे तेवढं इंधन कमी. तेवढं इंधन म्हणजे वीस मिनिटं. वीस मिनिटं म्हणजे त्रिएस्ते ते व्हेनिस, आणि मध्ये सगळं पाणी.

उत्तर आलं तेव्हा त्याला काही झालं नाही. घरी गेला, जेवला, झोपला. सकाळी कप उचलला.

सदतीस साली ती टपालाचं विमान होणार होती. थेट ब्युनोस आयरेसपर्यंत, मध्ये एकदाच थांबून. गावातल्या प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी तिकडे होतं, आणि पहिला नकाशा भिंतीवर लागला त्या आठवड्यातच बायकांनी ठरवून टाकलं होतं कुणाला काय पाठवायचं. सोळा प्रवाशांच्या खुर्च्या. खिडक्यांना पडदे. पडदे हिरवे की निळे यावर तीन बैठका झाल्या होत्या आणि ओलिव्होनं दोन्ही रंगांच्या कापडाचं वजन केलं होतं. निळा चाळीस ग्रॅमनी हलका निघाला म्हणून निळा. रंगाचंही वजन असतं हे ऐकून त्याची बायको, ती तेव्हा होती, इतकी हसली होती की तिला खुर्चीत बसावं लागलं. मग चाळीस साल. खुर्च्या काढल्या, पडदे काढले, बंदुका बसवल्या, बाहेरून राखाडी रंग. काढलेल्या वस्तूचंही वजन करावं लागतं, तो नियमच आहे, नाहीतर वजाबाकी कशी लागणार. तेव्हा ओलिव्होनं निळे पडदे एकेक करून पुन्हा काट्यावर ठेवले. तीन वर्षांत ते थोडे जड झाले होते. धूळ. आता ती कुठे जाणार हे कुणी बोलत नव्हतं. लांब, एवढंच. उड्डाणतळावर वैमानिकांच्या खोलीतला नकाशा भिंतीकडे तोंड करून टांगलेला असतो, असं त्याच्या जावयानं त्याला सांगितलं होतं. एवढंच सांगितलं होतं, पण नकाशा उलटा करायला तो फार निळा असावा लागतो, सगळा समुद्रच.

जावई, सिल्व्हानो फूमिस, थोरलीचा दुसरा मेकॅनिक होता. नोव्हेंबरपर्यंत तो सिसिलीहून ट्युनिसला माणसं आणि पिंपं नेणाऱ्या विमानांवर होता. त्याच्या बराकीत तेरा मेकॅनिक होते, त्यातले तीन उरले. थोरलीची इंजिनं ओळखणारा माणूस हवा म्हणून त्याला इकडे बोलावून घेतलं. तेव्हापासून ओलिव्होची मुलगी लीचा पुन्हा गाणी गुणगुणू लागली होती. खाजणातला तळ घरापासून सायकलवर दीड तास. दर रविवारी नवरा घरी.

मंगळवारी दुपारी त्यानं लीचाला सांगितलं. हाताचं नाही, तीनशे अठराचं. ती कोबी-घेवड्याचं आंबट सूप वाढत होती. थांबली नाही, वाढत राहिली. तिनं विचारलं की सही केली नाही तर काय होईल. त्यानं सांगितलं, आकडा बसत नाही म्हणून थोरली बाजूला पडेल. आणि सिल्व्हानो? सिल्व्हानो परत जिथे होता तिथे.

"मग सही कर," लीचा म्हणाली.

"अगं, पण ती जड आहे. लांब गेली तर—"

"जाईल तेव्हा जाईल. सहा वर्षं जातेच आहे ती. बाबा, आपण सरपण कधी घेतो?"

त्यानं चमचा उचलला.

"बोरा सुटला की घेतो. आईनं घेतलं, मी घेते. तेव्हा नाही तुझा चौथा रकाना आडवा येत. सही कर आणि सूप पी, गार होतंय."

त्यानं सूप प्यायलं. चमचा तोंडापर्यंत जात होता, कारण हाताला रस्ता पाठ होता. ती बोलते ते बरोबर आहे, असं त्याला वाटलं. मग आपण बोलतो तेही बरोबर आहे, असं वाटलं. दोन बरोबर गोष्टी समोरासमोर ठेवल्या की आत कुठेतरी एक पारडं हलतं, असा त्याचा आयुष्यभराचा अनुभव होता. आई गेली तेव्हा हललं होतं, बायको गेली तेव्हा इतकं हललं होतं की महिनाभर स्थिर झालं नव्हतं. आता सपाट. पारडं नव्हतंच, नुसती दांडी होती, किंवा दांडीही नव्हती आणि ज्या खुंटीला ती टांगायची तेवढी खुंटी उरली होती.

बुधवार. सरसाचे डबे. तो आकडे आठवणीतून बोलत होता, हाताला विचारत नव्हता. पाच डबे जमले. सहावा अर्धा वापरलेला होता. तो भरलेल्याचा आकडा बोलून गेला. काट्याशी बसलेल्या माणसानं वर पाहिलं, मग खाली पाहिलं, आणि खरा आकडा हळूच लिहिला. पैज लावलेल्यानं सिगारेट मागितली नाही. ते ओलिव्होला कळलं. लाजही वाटली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

दुपारी सुतारांच्या बाकाशी तोनी बोस्कारोल बसला होता. त्याला सगळे बार्बा म्हणत, म्हणजे काका. वय सत्तरीचं, जन्म बोटी बांधण्यात गेलेला. थोरलीची दोन्ही होडकी त्याच्या हाताखाली झाली होती. ओलिव्होनं त्याला हाताचं सांगितलं. बार्बानं त्याचा तळहात धरला, उलटापालटा केला, घोड्याचा खूर पाहावा तसा.

"माझाही एक अवयव दहा वर्षांपूर्वी असाच गेला," तो म्हणाला. "मी कुणाच्या बाकावर जाऊन रडलो का?"

"बार्बा, ती जड आहे."

"जड आहेच. पितेय ती. महिनाभर पाण्यात बांधून ठेवा, अजून पिईल. तुझे ते इंजिनिअर तिला चार दिवस उपाशी ठेवतात आणि म्हणतात बघा कशी सडपातळ." मग त्यानं रंध्यातला भुसा फुंकला आणि पुढचं सांगितलं ते जवळजवळ स्वतःशीच: बोटीचं कधी कुणी वजन करत नाही, बोट पाण्यात सोडायची आणि पाणी कुठवर चढतं ते बघायचं, ते कधी खोटं बोलत नाही. विमानाला ते चालत नाही. विमान मध्येच थांबून बघू शकत नाही कुठवर चढलंय.

गुरुवारी सकाळी वारा पडला. दहा वाजेपर्यंत कचेरीच्या फरशीला घाम सुटला, काड्या ओढून पेटेनात, तक्त्याचे कागद कडांना मऊ झाले. शिरोक्को. त्याच्या गुडघ्यांनी ओळखला, नाकानं ओळखला. हँगरमधले चटचट आवाज थांबले होते आणि थोरली अगदी गप्प उभी होती, जेवायला बसलेल्या माणसासारखी.

तो साल्व्हादेईंकडे गेला. जावं असं ठरवून गेला नाही. पाय जिन्यावर होते आणि वर खोली होती. इंजिनिअर पन्नाशीचे, नीट विंचरलेले, दोन महिन्यांपासून नीट न झोपलेले. ओलिव्होनं वही समोर ठेवली आणि उभ्यानंच सांगितलं. आज पुन्हा वजन करा, तीनशे अठरा जास्त भरेल. इंजिनिअरांनी वही चाळली. एका पानावर ते बराच वेळ थांबले, आणि ओलिव्होला दिसलं की ते पडद्यांचं पान होतं.

"कोझोलो, माझी आई इथलीच," साल्व्हादेई म्हणाले. "सरपण कधी घ्यायचं हे मला तुम्ही शिकवणार?"

"नाही, साहेब."

"मंत्रालयाच्या तक्त्यात वाऱ्याचा रकाना नाही. त्यांना पल्ला हवाय, आणि पल्ला मी कळवून बसलोय. तो आता बदलत नाही. इंधन कमी होत नाही. बंदुका माझ्या नाहीत, वायरलेस माझी नाही." त्यांनी वही मिटून परत दिली. "हे तीनशे अठरा तुम्ही आणलेत. तुम्हीच घेऊन जा. तिच्यात काय काय आहे हे तुमच्याइतकं कुणालाच माहीत नाही. यादी करा. शनिवारी बारा वाजता. जे काढाल ते मला मान्य."

ओलिव्होला वाटलं होतं ते ओरडतील. किंवा खोटं पाडतील. या दोन्हींसाठी तो तयार होता. ज्याच्यासाठी तयार नव्हता ते हातात घेऊन तो जिना उतरला, आणि खाली येईपर्यंत त्याच्या लक्षात आलं की इंजिनिअरांनी त्याला काही अवघड सांगितलंच नव्हतं. वजनांच्या कचेरीत पंधरा वर्षं हेच तर चालत आलं होतं. काही जास्त झालं की काहीतरी काढायचं.

*मागच्या खोलीतली लाकडी तळपट्टी ३१. दोन पलंगड्या १८. चुलीचा डबा आणि भांडी ११. भिंतींचं आतलं कापड ४४, थंडी वाजेल, वाजू दे. नांगर एक, दोनांपैकी, ३८. नांगराचा दोर १४. शिड्या. हत्यारांची दुसरी पेटी २२. पिण्याच्या पाण्याचं एक पिंप २५. वैमानिकांच्या खुर्च्यांच्या गाद्या ९, त्यांना लाकडावर बसू दे. शिड्या लिहायच्या राहिल्या, १६. आतला रंग खरवडून १०.*

दोनशे अडतीस. गुरुवारची दुपार, शुक्रवारची सकाळ. यापुढे खरवडलं तर विमानच खरवडायचं. ऐंशी उरले. आणि ऐंशी किलोच्या दोनच गोष्टी शिल्लक होत्या, दोन्ही त्याला आधीपासून माहीत होत्या आणि दोन्हींना तो दीड दिवस वळसा घालत आला होता. रबरी तराफा, घडी घातलेला, त्याची हवेची बाटली, पेटते बाण आणि गोड्या पाण्याचे डबे: मिळून ऐंशी. दुसरा मेकॅनिक: ऐंशी. तक्त्यावरचा माणूस ऐंशीचाच असतो, मग तो कसाही असो. तराफा काढला तर भर समुद्रात उतरून होडकी फुटल्यावर आतल्या सात माणसांना धरायला काही नाही. माणूस काढला तर थोरली आपल्या वाटेनं जाईल, आणि सिल्व्हानो सोमवारी सिसिलीच्या गाडीत. त्यानं दोन्ही तळहात समोर धरले. एकावर तराफा, दुसऱ्यावर जावई. हात पांढरे होते, जरा सुरकुतलेले, कुणाचेही असावेत असे. थोडा वेळ तो तसाच उभा राहिला, देवळात उभे राहतात तसा, फक्त काही मागत नव्हता.

शुक्रवारी दुपारी सिल्व्हानो तळावरून काही सुटे भाग न्यायला गोदीत आला आणि काट्याच्या खोलीत डोकावला. सत्तावीस वर्षांचा, कान लाल, हातांना कितीही धुतलं तरी जात नाही तो तेलाचा वास. आला तो काट्यावरच उभा राहिला, नेहमीसारखा.

"सांगा बाबा, किती झालो? तुमच्या लेकीचं सूप मोजा."

ओलिव्होनं त्याला खाली उतरायला सांगितलं, दार लोटलं, आणि यादी दाखवली. दोन शेवटच्या ओळी. सिल्व्हानोनं त्या वाचल्या. मग वरून पुन्हा सगळी यादी वाचली, गाद्यांच्या ओळीशी नाक मुरडलं, आणि परत शेवटी आला.

मग तो बराच वेळ बोलला, हळू आवाजात, इंजिनांबद्दल बोलायचा तसा. पंखाच्या आतून पोटावर सरपटत इंजिनांच्या मागे जाता येतं, हे ओलिव्होला माहीत होतंच. त्या भुयाराच्या प्रत्येक फळीचं वजन त्यानं केलं होतं. आत काय असतं ते सिल्व्हानोनं सांगितलं. अंधार, कानाला लागून आवाज, एका बाजूनं भाजतं आणि दुसरीनं गोठतं. सोळा-सतरा तासांच्या उड्डाणात एखादी नळी गळणारच, गळली नाही असं त्यानं पाहिलेलं नाही. एक मेकॅनिक इंजिनांच्या तबकड्यांसमोर, दुसरा पंखात. दुसरा नसेल तर नळी गळत राहणार, आणि मग कुणालाच पोहोचायचं नाही.

"तराफा काढा," तो म्हणाला.

"आणि उतरावं लागलं तर?"

"तिकडे मधोमध? त्यात बसून करायचं काय, सात जणांनी? पत्ते?" तो हसला, मग हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि मागचं काहीतरी गेलं. "ट्युनिसच्या वाटेवर तराफे असायचे, बाबा. चांगले होते. आम्ही वरून बघायचो. पिवळे, दुरून दिसायचे, रिकामे. मला परत तिकडे नका पाठवू. मला माणूस म्हणून ठेवा यादीत."

ओलिव्हो हो म्हणाला. तोंडानं म्हणाला. सिल्व्हानोनं त्याचा खांदा धरला, जोरात धरला असावा, कारण कोटाला घडी पडली. तो गेल्यावर ओलिव्होनं घडी सरळ केली. आता काहीतरी येईल, असं त्याला वाटलं. भीती, किंवा सुटका, किंवा निदान दमणूक. तो स्टुलावर बसून वाट पाहत राहिला, एखाद्या टपरीत पाऊस थांबायची पाहावी तशी. समोर मोठ्या काट्याची तबकडी शून्यावर होती. ती मात्र शून्य आहे हे स्पष्ट सांगत होती.

शनिवारी सकाळी त्यानं तक्ता शाईनं भरला. रबरी तराफा, साहित्यासह, कमी. दुसरा मेकॅनिक, कायम. साल्व्हादेईंनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली, शेवटच्या ओळीशी थांबले, फूमिस हे नाव त्यांना माहीत होतं, कुणाचा कोण हेही माहीत होतं. सही करून टीपकागद दाबला, आणि म्हणाले की वजाबाकी प्रत्यक्ष करून घ्या, नियमाप्रमाणे.

म्हणून तो हँगरमध्ये गेला. तराफा धडाच्या वरच्या कप्प्यात होता, कॅनव्हासच्या पिशवीत, चार पट्ट्यांनी बांधलेला. दोघांनी तो खाली दिला आणि ओलिव्होनं, इतर वस्तूंच्या बाबतीत करतो तसंच, आधी स्वतःच्या हातांवर घेतला. एवढं ओझं एकट्यानं घेऊ नये, बार्बा तोनी बाकावरून ओरडला, कंबर जाईल. त्यानं घेतलं. गुडघे वाकले, मणक्यात कुठेतरी कळ गेली, म्हणजे ओझं होतंच. तो डोळे मिटून उभा राहिला, छातीशी ती पिशवी, तिला टाल्कचा आणि नव्या रबराचा वास. आकडा बोला ना, काट्याशी बसलेला माणूस म्हणाला, चांगल्या मनानंच म्हणाला. ओलिव्हो म्हणाला, तूच वाच. एकसष्ट, दोनशे. बाटली वेगळी, सात. बाकीचं अकरा, आठशे. लिहिलं. जुळलं.

*रबरी तराफा, काढलेला. हात: —. काटा: ६१.२००. वारा: शिरोक्को, तिसरा दिवस.*

घरी लीचानं टेबलावर कापड घातलं होतं. रविवारचं कापड, शनिवारी. मक्याच्या पिठाची घट्ट पोलेंता फळीवर ओतलेली होती, वाफा येत होत्या, आणि कुठून तरी मिळवलेला माशाचा एक तुकडा, दोघांत एक. ती आठवडाभर उभ्यानंच जेवत आली होती, ओट्याशी, पातेल्यातून. आज बसली. त्यानं कोट काढून खुंटीला लावला. ती त्याच्याकडे पाहत नव्हती, दोऱ्यानं पोलेंता कापत होती, एकसारखे चौकोन.

"ठेवलं त्याला?"

"ठेवलं."

तिनं दोरा खाली ठेवला. हाताचा पालथा भाग तोंडाशी धरला, क्षणभरच, मग दोरा पुन्हा उचलला. माशाच्या तुकड्याचा मोठा भाग त्याच्या ताटात सरकवला. त्यानं परत तिच्या ताटात सरकवला. तिनं तो पुन्हा त्याच्याकडे ढकलला आणि यावेळी हसली, आणि तिची आई रेलायची तशी ती खुर्चीत जरा मागे रेलली.

"मग काढलं काय? इंजिनिअर असे सोडायचे नाहीत."

"बरंच काही. गाद्या, नांगर." तो खाऊ लागला. "थोडं रबर."

"एवढंच ना," लीचा म्हणाली. "रबराचं काय मेलं." आणि उद्या सिल्व्हानो येईल तेव्हा त्याला काय करून घालायचं, ते ती त्याला विचारू लागली.

त्यानं सांगितलं, त्याला घेवडा आवडतो.